अक्काच्या रक्तातली एक जोडी

थोरल्या बहिणीला, अक्काला, ब्लड कॅन्सर झाला तेव्हा मी धारवाडला पीएचडीचं तिसरं वर्ष ढकलत होते. पेशीत डीएनए कसा दुमडून बसतो, हा माझा विषय. एकमेकांना टेकलेले भाग रसायनाने जागच्या जागी चिकटवायचे, कापायचे, शेजारची टोकं जोडायची आणि ते जोडतुकडे वाचायला बंगळूरला पाठवायचे. तुकड्याची दोन टोकं डीएनएवर लांबलांबची निघाली, तर ती ठिकाणं पेशीत शेजारी होती असं समजायचं. उपचारांआधी अक्काने स्वतःहून रक्त दिलं. तिच्या आजाराचं काही कळेल, ही आशा तिला मीच लावली होती.

चार महिन्यांनी बंगळूरहून निकालांची हार्ड डिस्क आली. एक जोडी हजारो वेळा दिसत होती. रोगाशी संबंधित एक जनुक आणि त्यापासून फार लांबचा एक भाग. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! गाईडना दाखवायच्या आधीच मी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानात फोन केला, रोगाचा धागा सापडला म्हणून. अप्पांनी गिऱ्हाइकांनाही पेढे वाटले.

गाईडनी एवढंच विचारलं, "नकला काढून टाकल्यास का?"

अगदी तीच सुरुवात आणि तोच शेवट असलेले तुकडे एकाच तुकड्याच्या नकला धरायचे असतात. त्या वगळल्यावर हजारोंची एकच जोडी उरली. एक जोडी योगायोगानेही जुळते. अक्का इतकी अशक्त दिसत होती की मला दया आली होती, आणि मी हवं त्याच्या निम्मंच रक्त काढू दिलं होतं. डीएनए कमी पडला, म्हणून यंत्रात त्याच्या नकला करायचे फेरे मीच वाढवले होते. त्या दयेचा मला आजही राग येतो.

रविवारी हुबळीला गेले. अक्का डोक्याला रुमाल बांधून शेंगा सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला सारलं.

"मग परत काढ की गं. मला काय झालंय आता? या वेळी भरपूर घे."

औषधांनी मला हव्या त्या पेशी पार बदलून टाकल्या होत्या; आताचं रक्त माझ्या कामाचं नव्हतं. रोग तेवढा तसाच होता. हे सांगायला माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी तिला धारवाडला नेलं आणि चार नळ्या रक्त काढायला लावलं. ती घरी परतल्यावर मी त्यात ब्लीच घातलं आणि बेसिनमध्ये ओतून दिलं.