वाकळीचं दुसरं टोक

गाव सोडताना माणूस काय काय बरोबर घेतं, याची यादी तुमच्यापैकी प्रत्येकाकडे असेल. कुणी देवातला टाक घेतला असेल, कुणी आईचं पातेलं. मी घेतलं ते असं: एक ॲल्युमिनियमची किटली, शेळीचा दोर (शेळी नाही, नुसता दोर), अर्धी शिवलेली वाकळ आणि त्या वाकळीत गुंडाळलेला नवरा. धारूरच्या घाटात टेम्पोनं गचका खाल्ला तेव्हा आमच्या मालकांनी डोळे उघडले आणि विचारलं, "बोटं घेतलीस का?"

"कोणती?"

"माझी. दोन."

मी किटलीत बघितलं. खरंच बघितलं. मग म्हणाले, "राहिली की अंगणात."

"शाबास," ते म्हणाले आणि पुन्हा बेशुद्ध पडले. आमच्या संसारातलं एवढं थंड डोक्याचं भांडण ते पहिलं आणि शेवटचं.

तर ते अंगण. आमच्याकडे वाकळ, म्हणजे तुमच्या पुण्याची गोधडी, दोघींनी शिवायची. एक ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला. टाके घालत घालत मधे भेटायचं. सासूबाई म्हणायच्या, "एकलीनं शिवलेल्या वाकळीत एकाच कुशीला ऊब ऱ्हाती." त्या दिवशी मी आणि थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते, लिंबाखाली बसून सासऱ्यांचे सदरे वाकळीत घालत होतो. मधे दीड हात शिवायचं उरलं होतं.

भांडण बांधाचं. बांध नांगराच्या दोन तासांनी, म्हणजे दोन सऱ्यांनी, सरकला होता. कुणी सरकवला विचारू नका. आमच्या मालकांनीच सरकवला होता, पण ते मी पोलिसांनाही सांगितलं नाही. थोरले भाऊजी फडावरून परत आले होते, खांद्यावर ऊसतोडीचा कोयता तसाच. त्यांनी बांध बघितला आणि थेट अंगणात आले. मालक दारातून बाहेर आले, हात मोकळे, तोंड मात्र भरलेलं. जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

कुत्र्यांची भांडणं लागली की सासूबाई वर वाकळ टाकायच्या. आम्हा दोघींना एकाच वेळी तेच सुचलं. सुयांसकट वाकळ उचलली आणि दोन भावांच्या मधे भिंतीसारखी ताणून धरली. मी वाकळीच्या अल्याड, अक्का पल्याड, वरून मला तिचं फक्त कपाळ दिसत होतं. आणि सांगू का, तशातही माझा एक हात डोक्यावरचा पदर सावरत होता. थोरल्या दिरासमोर डोकं उघडं कसं ठेवायचं?

पहिला वार अक्काच्या बाजूला बसला. वाकळ हादरली. दुसऱ्या वाराला तिचं टोक ढिलं पडलं. भिंत कोसळली, पातं सासऱ्यांचे सदरे, सासूबाईंचं लुगडं आणि खालची चादर एका दमात फाडत आलं आणि मालकांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेलं. भाऊजींच्या तोंडावर रक्ताची चिळकांडी उडाली. मालक खाली पडले आणि पडल्या पडल्या भावाच्या पायाला चावले. मी भाऊजींच्या डोक्यात किटली घातली. आजही तिला पोच आहे, हवी तर दाखवते.

टेम्पो सुटला तेव्हा मी मागं बघितलं. अक्का दारात उभी होती, हात पदरात गुंडाळून. ना रडली, ना ओरडली. मला वाटलं, बरोबर आहे. टोक सोडलंय, आता कोणत्या तोंडानं जवळ येईल.

पोलीस केस झाली, मग चार माणसं बसली आणि तडजोड झाली. जमीन तिकडे राहिली, आम्ही इकडे. मालक पुण्यात एका सोसायटीचे वॉचमन झाले. साहेबांच्या गाड्यांना ते तीन बोटांनी सलाम ठोकत आणि साहेब ते अदबीचं लक्षण समजत. तिथल्याच एका बाईंनी गच्चीवर वाळत घातलेली ती वाकळ बघितली. त्या कॉलेजात कापडकला शिकवायच्या. त्यांनी वाकळीला हात लावला, रक्ताच्या डागांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे डिझाइन तुमचं?"

"अर्धं माझं," मी म्हणाले. "अर्धं दिराचं."

तिथून माझं नशीब फिरलं. गावात ज्यावर लहान पोरं मुतायची, ते पुण्यात भिंतीवर लागलं आणि वर दिवा लागला. मी नव्या वाकळी केल्या. लाल कापडाचे कोयते कापून लावले, हिरव्या काठांचे बांध घातले, सुईनं त्यांना टोचून टोचून भोसकलं. सगळ्या एकटीनं शिवल्या. बायका म्हणायच्या, काय ताकद आहे. मी म्हणायचे, ताकद कसली, राग आहे. पण मान होता तो त्या पहिल्या वाकळीलाच. ती मी कधी पुरी केली नाही. मधलं दीड हात तसंच उघडं, आणि अक्काची सुई गंजून तिच्या दोऱ्याला लोंबत. शेजारी पाटी: "सोडलेलं टोक. दिरानं कोयता उचलला, जावेनं टोक सोडलं."

गोष्ट सांगायला मला आवडतं, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. प्रत्येक प्रदर्शनात ती मी सांगायचे आणि प्रत्येक वेळी कोयता वीतभर लांब व्हायचा. अक्काच्या टोकाकडे भाकरीएवढा एक काळपट डाग आहे. त्याच्याकडे बोट करून मी म्हणायचे, "बघा, माझ्या मालकांचं रक्त चार हात लांब उडालं." लोक श्वास रोखायचे. वर्षानुवर्षं मी तो डाग दाखवला. एकदाही त्याच्याकडे नीट बघितलं नाही.

काही वर्षांमागं दसऱ्यानंतर झालेल्या प्रदर्शनाचे फोटो कुणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी आणि अक्का प्रदर्शनाच्या दारात. भाऊजी वाळलेले, पांढरे झालेले. अक्काच्या डोक्यावर टोपलं. माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, पण अंगात ड्रेस आणि ओढणी घरी.

"आलो बघायला," अक्का म्हणाली. "लई नाव झालंय म्हणं तुझं."

टोपल्यात सीताफळं होती. मालक तिथंच बसले होते. त्यांनी भावाकडे बघितलं नाही, पण दोन सीताफळं मात्र खाल्ली. वैर वेगळं, सीताफळ वेगळं.

भाऊजी वाकळीपुढे उभे राहिले आणि पाटी वाचायला लागले. एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं, अक्काला ऐकू जावं म्हणून. "जावेनं. टोक. सोडलं." मग वळून म्हणाले, "आमची इज्जत भितीला टांगलीस व्हय गं?" आणि त्यांनी वाकळीला हात घातला.

मालक मधे आले. "हात लावू नको. ती माझी बोटं हायेत."

"तुजी बोटं बांधाखाली घाल, बे."

मग जे झालं ते सांगायला मला भारी वाटतं आणि लाजही वाटते, पण भारी जास्त. मालकांनी लोखंडी स्टँड उचलून भावाच्या बरगडीत हाणला. भाऊजींनी माझ्या टेबलावरची कापडाची मोठी कात्री घेतली आणि मालकांच्या खांद्यात खुपसली. पांढऱ्या भिंतीवर रक्त उडालं. मागं उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. एक जण म्हणाला, "फार जिवंत आहे."

अक्कानं वाकळ भिंतीवरून ओढून काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरं टोक धरलं. एकोणीस वर्षांनी आम्ही दोघी पुन्हा तिच्या दोन टोकांना. ह्या खेपेला भिंत नाही केली, सरळ भाऊजींवर टाकली आणि आवळली. ते आतून लाथा झाडत होते, कात्रीचं टोक कापडातून फटाफट बाहेर येत होतं, एकदा माझ्या नाकाजवळून गेलं. आणि तिचं टोक सुटलं.

"अक्का," मी किंचाळले, "परत सोडलंस."

तिनं डावा हात माझ्या डोळ्यांपुढे धरला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत जुना, जाड, पांढरा वण. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट लाकडासारखी ताठ.

"धरता येत न्हाई, लते. मिटत न्हाईत ही."

"कवापास्नं?"

"त्याच दिवसापास्नं. पैला वार मलाच बसलता की. तू वाकळीच्या पल्याड व्हतीस, तुला कसं दिसावं?"

"मग बोलली कावून न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुमी गेलते. आन् ह्यांनी समद्या गावाला सांगितलं, ऊस तोडताना लागलं. ऊसतोडीच्या बाईच्या हाताला कोयता लागला, ह्यात कोण काय इचारतंय?"

वाकळीच्या आतलं लाथाडणं थांबलं. कात्री फरशीवर पडली. टाळ्याही थांबल्या होत्या. भाऊजी तसेच वाकळीखाली बसून राहिले. बाहेर यायला त्यांना तोंड नव्हतं.

मी अक्काच्या टोकाजवळचा तो डाग बघितला. रक्त चार हात उडालं नव्हतं. ते जागच्या जागी सांडलं होतं. मी पाटी काढली, फाडली, पण फाडून काय होतं? इतक्या वर्षांत ती हजारो माणसांनी वाचली होती.

मालकांच्या खांद्याला टाके पडले. सरळ पडले, पण माझ्याइतके बारीक नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून अक्कानं वाकळ मांडीवर घेतली आणि गंजलेली सुई दोऱ्यातून काढून पिशवीत टाकली. "मला डाव्या हातानं खालून सुई आता धरता येत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या बाजूचं बी तूच शिव. पण मी बसन त्या टोकाला." आणि माझे टाके तपासून वर म्हणाली, "पुण्यात राहून टाका लई लांब झालाय तुझा. त्यातनं उंदीर जाईल."

मग मालकांनी एकोणीस वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "वैनी, ती बोटं कुठं गेली?"

"कुत्र्यानं न्यायच्या आधी मीच उचलली. लिंबाच्या पल्याड पुरली. वर सीताफळ लावलं, जागा ध्यानात ऱ्हावी म्हणून."

मालकांनी हातातल्या तिसऱ्या सीताफळाकडे बघितलं.

"ह्याच झाडाचं?"

"त्याच. गोड हाय ना?"

मालक बी थुंकले आणि पुढचा गर तोंडात टाकला.

गोष्ट संपल्यावर तुमच्यातले मागं रेंगाळणारे विचारतात, आता गावाचं काय वाटतं? जमिनीवर आमचं नाव नाही. भाऊजी अजून माझ्याशी बोलत नाहीत, मीही पदर घेत नाही. पण बालाघाटाच्या डोंगरात एका अंगणात आमच्या घरची दोन बोटं मुक्कामाला आहेत, भाऊजींच्या मातीत, भाऊजींना न विचारता, आणि दर दिवाळीच्या आगेमागे टोपलंभर सीताफळं होऊन पुण्याला येतात. आम्ही दाराला कडी घालून ती सगळी खातो. शेजाऱ्यांना एकही देत नाही.