शेंदूर लावलेला बारावा दगड

मानोऱ्याकडच्या उकंडरावांना आयुष्यात कुणी लबाड म्हटलं नाही. एकदा तरी म्हणायला हवं होतं.

इंग्रजांच्या काळात तिकडे नदीवरून कालवा काढायचा बेत झाला होता. मोजणीवाल्यांनी वाटेवर खुणेचे दगड रोवले, त्यातला एक नेमका उकंडरावांच्या मळ्यात. पंचविशीतला गडी, डोकं गरम. मळा कालव्यात जाणार म्हणून त्यांनी भरदुपारी दगड उपटला, गाडीत घातला आणि टेकाडावर तांड्याच्या पडीक रानात नेऊन गाडला. कालवा तर झालाच नाही. मळा राहिला, पण त्यातली विहीर दर चैत्रात तळ दाखवू लागली.

छप्पन साली कचेरीतला एक साहेब जुना कापडी नकाशा घेऊन आला. जुन्या कालव्याची वाट शोधायची, जमलं तर पाणी आणायचं. दगड दाखवायला उकंडरावच पुढे झाले, आता त्यांनाही पाणी हवं होतं. अकरा दगड ओळीत सापडले. बारावा टेकाडावर, शेंदरानं माखलेला, पुढ्यात करवंट्या.

साहेबानं दुर्बीण लावली. "पाणी चढावर कसं जाईल? ही मोजणीच खोटी."

दगड माझ्या मळ्यातला, एवढंच सांगायचं होतं. पण शेजारी तांड्यातला सोमला हात जोडून उभा होता. त्याच्यादेखत त्याच्या देवाला चोरीचा माल म्हणायचं कोणत्या तोंडानं? उकंडराव गप्प राहिले. साहेब वहीत शेरा मारून निघून गेला.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी कचेरीत जाऊन त्यांनी खरं सांगितलं. तोवर कागद वर गेला होता, कालवा रद्द झाला होता. परतताना ते तसेच टेकाड चढले. सोमला नारळ घेऊन दगडाशीच आला होता.

"सोमला, हा देव नोहे. मीच आनला गाडीत घालून."

"मालूम हाय. बापानं पायलं होतं तुमाले."

"मंग बोलला काहून नाही?"

"बाप म्हने, गोटा सरकारचा, पानी त्याच्या मांगं येइन. कोनी परत नेऊ नये म्हून त्यानंच शेंदूर लावला. तीस वर्सं वाट पाहून राह्यलो, भाऊ. पानी वर चढत नाही, हे तुमाले तवाबी मालूम होतं ना?"

"होतं."

हातातला नारळ न फोडताच सोमला घरी गेला.