बिनमलमाचे दिवस

माह्या पोरीची कातडी जन्मापासून कोरडी. थंडीत तुमची-आमची होते तशी नाही. खवले येतात, वाळतात, फाटतात, रक्त निघते. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं का हा रोग रक्तातूनच येते, लय कमी लोकाले होते, बरा होत नाही, फक्त मलम लावत राहा. फक्त म्हणे! अंगभर, दिवसातून तीनदा लावायचं तं ट्यूब पुरत नाही, डबे लागतात. झोपेत तिच्या पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, त्याचे थेंब वेगळे. घाम येत नाही म्हणून उन्हाळाभर कुलर बंद करता येत नाही. लाईटचं बिल येते ते वेगळं.

माहा नवरा शेलूबाजारहून सवारीची जीप चालवते, मी घरी ब्लाऊज शिवते. किराणावाला उधार देते, मेडिकलवाला देत नाही. महिना संपत आला का मी मलमात खोबरेल तेल मिसळते. पोरीले वासावरून कळते, पण बोलत नाही. न बोलणारं लेकरू पाह्यलं का मले जास्त भेव वाटते.

मंग कोणी सांगतलं, अपंगाचं प्रमाणपत्र काढा, सरकारकडून दर महिन्याले पैसे भेटतात. ह्या रोगाचं नाव यादीत नाही, पण कातडी आखडून बोटं उघडत नसतील तं त्याचे अपंगपणाचे टक्के बसतात. तालुक्याले शिबिर होतं. आमी तयारीले लागलो.

आता आमची तयारी कशी, ते ऐका. आमच्या सासऱ्यानं धम्म घेतला तवापासून घरात एकच शिकवण: कचेरीत जायचं तं फाटकं घालून, हात जोडून जायचं नाही. धुतलेले कपडे, वर मान. मी आठ दिवस पोरीले सढळ हातानं मलम चोळलं, नवा डबा फोडला, इस्तरीचा पांढरा फ्रॉक घातला. पोरगी अशी मऊ दिसत होती का माहीच नजर लागावी. डॉक्टर म्हणाला, "हात उघड." तिनं पुरा उघडला, वरून हसली. झालं! टक्के कमी बसले, पैशाचं नाव नाही.

बाहेर बाकावर कुबडीवाला एक माणूस बसला होता. तो म्हणाला, "ताई, लेकराले लग्नात आणलं का इथं? पुढच्या वेळी चार दिवस काही लावू नका. खरं काय ते दिसू द्या त्याइले." मले असा राग आला त्याचा! अन् जास्त राग यासाठी आला का तो खोटं बोलत नव्हता.

पुढच्या शिबिराची तारीख आली तशी घरात भांडणं सुरू झाली. नवरा म्हणे, "आपण भीक मांगायले चाललो का? लेकराचं रक्त दाखवून पैसे आणायचे?" मी म्हटलं, "मंग डबा आण ना तू! आण!" मलेही माहीत होतं का तो आणू शकत नाही, तरी बोलली. पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती. दहा वर्षांची पोर, आमच्या दोघांच्या मधात येऊन म्हणते, "बाबा, हात उघडला तं पैसे भेटत नाहीत ना? मंग नको लावू मले."

शिबिराच्या चार दिवस आधी मी मलम बंद केलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कातडी ताणली, ती हळू चालायले लागली. तिसऱ्या दिवशी गुडघ्यामागं फाटलं. पापड उन्हात वळते तशी बोटं आत वळली, घास मी भरवला. मी शंभरदा डब्यापाशी गेली अन् वापस आली. ताप भरला तं? जखम चिघळली तं दवाखान्याले कुठून आणू? मी माय आहो का वैरीण? नवरा माह्याशी बोलत नव्हता. पोरगीच मले म्हणे, "आई, रडू नको व, एकच दिवस राह्यला."

शिबिराच्या दिवशी ती जीपमधून उतरली ते बापाच्या कडेवर. दुपारपर्यंत बसलो. मंग आतून एक बाबू आला अन् म्हणाला, "कातडीचे डॉक्टर आज आले नाहीत. तुमी पुढच्या बुधवारी या." नवरा त्याच्या अंगावर धावला, "साहेब, एकदा पाहा तं लेकराकडे!" बाबूनं पाह्यलं. खाली मान घालून म्हणाला, "मले पाहून काय उपयोग दादा, सही त्याइची लागते."

नवरा तरातरा बाहेर गेला. समोरच्या मेडिकलातून, जीपच्या डिझेलचे पैसे देऊन, मलमाचा डबा घेऊन आला. पायरीवर बसला, झाकण उघडलं, बोटभर मलम घेतलं अन् पोरीचा हात धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याले पुसायची शुद्ध नव्हती.

पोरीनं हात सोडवून घेतला.

"नको बाबा. आता लावलं तं बुधवारसाठी पुन्हा पहिल्यापासून वाळवावं लागते."

नवऱ्यानं माह्याकडं पाह्यलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला होता. अन् मी, तिची सख्खी माय, तिथं उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, पोरगी बरोबर बोलून राह्यली.