बोटीतून उतरले नाही

शहराला पाणी पुरवणाऱ्या आमच्या तलावावर मी आणि नवरा दर रविवारी सकाळी फिरायला जातो. तो फौजेतून निवृत्त झाला आणि आम्ही कोरेगाव सोडून शहरात आलो, तेव्हापासूनचा हा नेम. यंदा कडेच्या पाणकणसात टिबुकलीच्या जोडीनं घरटं केलं होतं. टिबुकली म्हणजे सतत बुड्या मारणारं चिमुकलं पाखरू. तिचं घरटं पाण्यावरच तरंगतं, ओल्या पाल्याचा नुसता ढीग.

त्याच सुमाराला तलावावर मोटारबोटी आल्या. बोटवाला पाणकणसाजवळ येऊन बोट गर्रकन वळवायचा. पाणी उडायचं, पर्यटक किंचाळायचे, पाखरं उधळायची आणि मोबाइल वर व्हायचे.

मी तिकीटखिडकीवर गेले. "तिकडं घरटं हाय. बोट लांबनं न्या."

आतला माणूस हसला. "आवं काकू, पाखरं बघायलाच तर लोक येत्यात."

पुढच्या रविवारी आमच्या डोळ्यांदेखत लाट आली आणि घरटं उलटलं. अंडी पाण्यात गेली. मादी त्याच जागेभोवती फिरत राहिली. नवरा बूट न काढताच गुडघाभर पाण्यात उतरला, पण हाती आला फक्त पाला.

माझं डोकं फिरलं. बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली आणि मी आत जाऊन बसले.

"काकू, तिकीट?"

"न्हाई काढलं. आन् उतरणारबी न्हाई."

रांगेतला एकजण ओरडला, "एका पाखरासाठी आमची सुट्टी वाया घालवताय का?"

"ह्येच पाणी तुमी घरी पिताय," मी ओरडले. "त्यात डिझेल सांडतंय, ते दिसत न्हाई व्हय?"

रांग काही हलली नाही. नवरा ओल्या बुटांनी येऊन माझ्याशेजारी बसला. शेवटी खिडकीतला माणूस वैतागून आला. पाणकणसाच्या अलीकडं दोर बांधतो, बोट पलीकडं जाणार नाही, असं त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं. तेव्हाच आम्ही उतरलो.

दोर बांधला गेला, रिकामे डबे अडकवून. पंधरवड्यात कुणीतरी तो कापला. मी पुन्हा खिडकीवर गेले, तर आतला माणूस म्हणाला, "वाऱ्यानं तुटला आसंल."

सुरीनं कापलेलं टोक मी त्याच्या नाकासमोर धरलं. "वाऱ्याला सुरी कुणी दिली रं?"

त्यानं खिडकी लावून घेतली. आम्ही बाजारातून नवा दोर आणला आणि आमच्या हातानं बांधला. राग मात्र अजून उतरलेला नाही.