दत्तूचं पक्कं काम

दत्तप्रसाद सान्याला कच्चं काहीच खपत नसे. पोह्यांचा डबासुद्धा तो चिकटपट्टी लावून बंद करायचा आणि सकाळी त्याची बायको विनीता कात्री शोधत घरभर फिरायची. पुण्यात बापाचा बांधकामाचा धंदा, सिडनीत हा स्वतः रस्त्यांचा इंजिनिअर. सिमेंट हा या माणसाचा कुलधर्मच.

सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरात त्यांच्या नव्या घरामागे एक जुनी भिंत होती. दीडशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रज कुटुंबाने तिथे मोठा बंगला बांधला आणि परसातल्या कोबी-वाटाण्याभोवती दहा फुटी विटांचा तट घातला. कोबी पळून जाईल अशी भीती असावी. पुढे बंगला जळाला, तीन भिंती पाडून प्लॉट पडले. उरलेली चौथी उत्तरेकडे, म्हणजे तिथल्या उन्हाकडे, तोंड करून दिवसभर ऊन प्यायची आणि रात्रभर ऊब द्यायची. गल्लीतले कढीपत्ते दर जुलैत, तिथल्या हिवाळ्यात, गोठलेल्या दहिवराने काळे पडत. विनीताने त्या भिंतीला खेटून लावलेला मात्र डोक्यावर गेला. सगळ्या गल्लीची फोडणी त्यावर चाले.

मग विनीता कॅन्सरने गेली. दत्तू रोज ऑफिसातून येऊन झाडापाशी उभा राहू लागला. तिथेच त्याला दिसलं, की विटांच्या सांध्यांतून पांढरी भुकटी गळतेय.

त्याने कळवल्यावर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, जुन्या बांधकामांची जाणकार पाठवली. ऋता, नाशिकची निघाली.

"काका, हा चुना आहे, झिजायचाच. दोन वर्षांत आम्ही चुन्यानेच भरू. तोवर हात लावू नका."

"तोवर भिंत राहील का गं?"

"दीडशे वर्षं राहिलीय, तुमच्याशिवाय."

दत्तू हसला आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात गेला. तीन रविवारांत त्याने एकूण एक सांधा सिमेंटने भरला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "बघ, मुंगी शिरणार नाही." आम्ही शेजाऱ्यांनीही मान डोलावली. इंजिनिअर माणूस.

दोन हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटले. ऋताने नखाने टोकरलं, तर वीट बाजरीच्या भाकरीसारखी भुगा झाली.

"कुणी केलं हे?"

"मी."

तिने हातातला भुगा झटकला. "काका, ओल चुन्यातून बाहेर पडायची. तुम्ही ती वाट बुजवलीत. मग ती विटेतून निघाली."

"काढतो ना सिमेंट. या शनिवारीच बसतो."

"सिमेंट निघणार नाही. वीट निघेल."

शेजारी मुलांचं खेळायचं मैदान, आणि भिंत कललेली. मे महिन्यात कौन्सिलने ती पाडली. झाड उघड्यावर आलं. धड विटा न्या, म्हणून ऋताने परवानगी मिळवून दिली. दहिवर पडण्याआधी झाडापाठी कमरेएवढा तरी आडोसा बांधावा, असा दत्तूचा बेत होता. दिवसभर तो छिन्नी घेऊन ढिगाऱ्यावर बसला. मीही बसलो. संध्याकाळी आमच्यामध्ये विटांचा लाल चुरा होता आणि सिमेंटच्या लांब अखंड पट्ट्या. एकही तुटली नव्हती.

"काम पक्कं झालं होतं रे," तो म्हणाला.

जुलैत झाड शेंड्यापासून काळं पडत बुंध्यापर्यंत आलं.

हल्ली त्याच्याकडे पोह्यांचा डबा उघडाच असतो. पोहे सादळतात. तो ते तसेच फोडणीला टाकतो, कढीपत्त्याशिवाय.