बॉनेटला तीन बोटं कमी

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पावणेपाच ते सहा हा वेळ त्याचा स्वतःचा. सहानंतर अंग बसदुरुस्तीच्या कारखान्याच्या हवाली. तिथे त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. एक भोक पाडायचं तरी तीनदा मोजणार. हात हळू, पण त्याने केलेलं काम कधी परत आलं नाही. मी वेल्डिंग करून निवृत्त झालो, त्याच्या शेजारीच राहतो.

त्याची गाडी छोटी, चार सिलिंडरची, वीस वर्षांची. सासू डोंगरावरच्या वस्तीत एकटी, गुडघे गेलेले. एकदा तिला डॉक्टरकडे आणून परत नेताना गाडी तिसऱ्या वळणावर बसली. बाकीचे उतरले, ढकलू लागले. म्हातारीला उतरता येईना. शेवटी एका ट्रकने ओढून वर नेलं.

दारात पोचल्यावर ती म्हणाली, "जावईबापू, मी तुमच्याकडे राहायला येईन. पण मनात आलं की मला इथे आणता आलं पाहिजे. ते जमणार असेल तरच न्यायला या."

नवी गाडी आवाक्यात नव्हती. भंगारवाल्याकडे एक अपघातातली नवी गाडी पडली होती. मागून चेपलेली, पण सहा सिलिंडरचं इंजिन आणि गिअरबॉक्स शाबूत. त्याने ते उचललं.

बायको म्हणाली, "अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. हे धूड त्या डबीत मावणार आहे का?"

"मोजलंय."

"वजनाने नाक खाली जाईल तिचं."

"तेही मोजलंय. बारा किलोचा फरक. जुनं सगळं बिडाचं होतं, हे ॲल्युमिनियमचं आहे."

कामाला चौदा महिने लागले, रोज सव्वा तास. आधी बॉनेट काढलं आणि ओरखडा नको म्हणून गोधडीत गुंडाळून माझ्या माळ्यावर ठेवलं. मग इंजिनाचे पाये नवे केले, रेडिएटर पुढे सरकवला, मागच्या चाकांना फिरवणारा दांडा कापून मापात जोडला. वायरिंगलाच चार महिने गेले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

मग आम्ही दोघांनी बॉनेट आणून बसवलं. ते बंद होईना. तीन बोटं वर राहिलं.

त्याने लांबी, रुंदी, वजन, सगळं मोजलं होतं. उंची मोजताना वर बॉनेट नव्हतं, ते माझ्या माळ्यावर झोपलं होतं.

बायको हसली नाही. "आता काय?"

"इंजिन काढून खाली घ्यायचं. पाये नवे, खालचं तेलाचं भांडं कापून उथळ करायचं. आठ महिने."

"आई थांबेल हो. तिचे गुडघे थांबतील का? सरळ कापा ना ते बॉनेट."

दोन पहाटे तो त्या तीन बोटांना पुन्हा पुन्हा मोजपट्टी लावत राहिला. मला त्याचं कळत होतं. ज्याचं काम कधी परत आलं नाही, त्याला स्वतःच्याच चुकीवर ठिगळ लावायचं होतं, तेही गाडीच्या ऐन कपाळावर, जगाला दिसेल असं. मी त्याच्या जागी असतो तर आठ महिने घेतले असते, आणि ते चूक ठरलं असतं.

तिसऱ्या पहाटे माझं दार वाजलं. "दादा, कटर घेऊन या."

भोक मी पाडलं. वरचं झाकण त्याने पत्र्याचं ठोकलं. दोन टाकून दिली, तिसरं ठेवलं.

मग चार माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती भरून आम्ही डोंगर चढलो. तिसरं वळण कधी गेलं तेही कळलं नाही. वर सासूने झाकणावर काठी टेकवली. "हिला टेंगूळ कसलं आलंय?"

"माझ्या डोक्याचं आहे, आई," तो म्हणाला.

ती बोचकं बांधायलाच निघाली. त्याने थांबवलं; भार घेऊन गाडी उतरते कशी, तेही आधी बघायचं होतं. उतरताना पायथ्याशी आलो तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. जुने ब्रेक जुन्या इंजिनाच्या वेगापुरतेच होते.

घरी बायको वैतागली. "अहो, चढली ना गाडी? आता आणखी कशाला थांबायचं?"

"चढली. आईंना घेऊन उतरायची आहे."

पुढचे तीन महिने त्याने रविवारीही ड्युटी केली. त्या जादा पगारातून पुढच्या चाकांना मोठे डिस्क ब्रेक आले, मागच्यांना नवे ड्रम. ते बसवल्यावर तो सासूला आणायला गेला.