तबकडी क्रमांक तीन लागत आहे

आधी वास आला. तापत चाललेल्या जुन्या धुळीचा, किंचित मेणासारखा; आणि त्यामागून एक बारीक, अखंड सूंऽऽ. आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या जॉन्सनव्हिलच्या त्या सभागृहात आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ब्लँकेटे टांगली होती, दक्षिण गोलार्धात एप्रिलमध्ये येणाऱ्या उलट्या शरदाचे फिकट ऊन खिडकीशी थबकले होते आणि टेबलावरच्या काचेच्या चार नळ्या हळूहळू नारिंगी होत होत्या. आवाज दूर पाठवण्यासाठी पेटवलेले दिवे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते!

हा सगळा उद्योग आमच्या शेजारच्या केनचा. टपाल-तार खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ आणि त्याचे मित्र वर्षातून एक दिवस, रीतसर परवानगी काढून, बिनतारी प्रसारण नवे होते तेव्हाच्या पद्धतीचे रेडिओ केंद्र चालवतात. फोनवर हवे ते गाणे क्षणात लागण्याच्या या काळात ही म्हातारी मंडळी ग्रामोफोनचा कर्णा मायक्रोफोनसमोर आणून ठेवतात. तबकडी संपली की पुढची सापडेपर्यंत हवेत नुसती शांतता. त्या शांततेत पहिले श्रोते काय करीत असतील? संच बिघडला म्हणून त्यावर थापटी मारीत असतील, की डोंगरापलीकडे कुणीतरी खोकल्याचे ऐकू येते का म्हणून श्वास रोखून बसत असतील? आणि बोलणाऱ्याचे काय? आपले बोलणे कुठे पोहोचले, हे त्याला कळायची सोयच नव्हती. म्हणून केंद्रे श्रोत्यांना विनवीत, काय ऐकलेत, किती स्पष्ट ऐकलेत, ते कार्डावर लिहून कळवा. केननेही गल्लीतल्या पाच-सहा घरांत जुने रेडिओ संच आणि कोरी कार्डे वाटली होती. आमच्या घरातल्या संचाचा ताबा माझ्या बारा वर्षांच्या मुलीने, इराने घेतला होता.

मी सभागृहात आले होते ती बाबांना घेऊन. कराडच्या बसस्टँडवर त्यांनी तीस वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. खिडकीतल्या माइकवरून गाड्या पुकारल्या. आई गेल्यावर ते सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले आणि दुसऱ्याच महिन्यात आतल्या आत मिटून गेले. इराला मराठी समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. त्यामुळे बाबा तिला काही सांगायचे ते माझ्यामार्फत. "इराला म्हणावं, दूध थंड होतंय." इरा समोरच बसलेली असे. मी दुभाष्याचे काम इमानेइतबारे करी आणि लगेच लॅपटॉपकडे वळे. बाबांना परत जायचे आहे, हे मला दिसत होते. ते बोलून दाखवतील, याचीच मला धास्ती होती.

त्या काळी केंद्रांना पगारी कलावंत नसत. शेजारीपाजारीच येऊन गात, बोलत. म्हणून केनने बाबांना बोलावले. "एनी लँग्वेज, मेट. जस्ट टॉक!" बाबांनी माझ्याकडे पाहिले, टोपी सारखी केली आणि मायक्रोफोनसमोर बसले. आणि काय सांगू, त्यांची पाठच बदलली!

"श्रोत्यांनी लक्ष द्यावे. व्हायोलिनची तबकडी क्रमांक तीन थोड्याच वेळात लागत आहे." मग मोजून एक श्वास, आणि तेच वाक्य पुन्हा, त्याच चालीत. केन खुशीत आला. जुने निवेदकही सगळे दोनदा सांगत, असे म्हणाला. लहरी मधेच विरून जात ना! हे बाबांना कुणी शिकवले, असे त्याने मला विचारले. चिपळूणच्या गाडीने, असे सांगावेसे वाटले मला.

घोळ झाला तो त्यानंतर. स्टँडवरच्या माइकला बटण होते. अंगठा दाबला की चालू, उचलला की बंद. तीस वर्षांची सवय! बाबांनी नसलेल्या बटणावरचा अंगठा उचलला आणि निश्चिंतपणे माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं वाटलं गं. इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. घरात मी फर्निचरसारखा असतो. इराला तर माझं बोलणंच नको असतं. तिकीट अलीकडचं करून दे, मी जातो."

टेबलावरच्या आवाज-मापकाचा काटा त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर थरथरत होता. मराठी न कळणारा केन, अजून निवेदनच चालले आहे अशा समजुतीने, आदराने उभा होता. मी हात वर केला असता तर त्याने खटका बंद केला असता. मी केला नाही. मला शरम वाटत होती आणि हे बोलणे थांबू नये, असेही वाटत होते.

केनने लावलेली तबकडी अर्ध्यावर आली असेल तोच दार ढकलून इरा आत आली. पायांत घरातल्याच रबरी चपला, डोळे ओले, हातात कार्ड. रिवाजाप्रमाणे केनने ते घेतले आणि मोठ्याने वाचले, "क्लिअर सिग्नल. हर्ड माय आजोबा. आय अंडरस्टूड एव्हरी वर्ड."

"काय म्हणाला तो?" बाबांनी सवयीने मलाच विचारले. आपले बोलणे हवेतून घरापर्यंत गेले होते, हे त्यांना अजून ठाऊक नव्हते. मी तोंड उघडले. इराने माझा दंड धरला.

"मला सगळं ऐकू आलं, आजोबा. रेडिओवर." एकेक शब्द शोधून ती मांडत होती. "मला नेहमीच सगळं कळतं. पण तुम्ही माझ्याशी बोलतच नाही. फक्त आईला सांगता."

बाबांचा चेहरा उतरला. तबकडी संपली, सुई नुसतीच खरखरत फिरू लागली. पुढच्या निवेदनासाठी केन त्यांना हाताने खुणावत होता. बाबांनी तिकडे पाठ केली, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस बाळ. जेवलीस का?"

मला विचारले नाही. तिला विचारले.